नळाचे पाणी आणि औषधाचा वास

सकाळी नळ सुटतो. कोणी हंडा लावते, कोणी कळशी. पहिली धार भांड्यात पडते न पडते तोच कोणीतरी नाक मुरडून म्हणते, "आज पुन्हा औषध जास्त झालं वाटतं!" हे औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीत तिला टीसीएल म्हणतात. तिच्यातले क्लोरीन पाण्यात उतरते आणि त्याचा वास येतो. हा वास घरच्या घरी कसा काढावा, आणि तो काढताना कोणती चूक करू नये, एवढेच आज मला सांगायचे आहे. ती चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

मी गावच्या शाळेत शिक्षक होतो. शाळेला नळ आला तेव्हा आम्हा सर्वांना आनंद झाला, पण मुले ते पाणी पिईनात. "गुरुजी, दवाखान्यासारखा वास येतोय," म्हणून घरून बाटल्या आणायची, नाहीतर मधल्या सुट्टीत जुन्या विहिरीवर पळायची. मला वाटले, यावर काही तोड काढावी. गावच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवली. शाळेच्या टाकीकडे जाणाऱ्या नळावर कोळशाचे एक मोठे गाळणयंत्र बसवले. वास पार गेला. मुले पोटभर पाणी पिऊ लागली. मी खूश, पालक खूश.

मृगाचे दोन पाऊस झाले आणि एका आठवड्यात माझ्या वर्गातली नऊ मुले जुलाबाने आडवी झाली. एकाला तालुक्याला नेऊन सलाइन लावावे लागले. तो मुलगा पुढे बरा झाला, पण त्याच्या आईने मला विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही. ती म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरी हेच नळाचं पाणी. मग घरी धाकट्याला काही झालं नाही, आणि शाळेत ह्यालाच कसं झालं?"

उत्तर आमच्या जलसुरक्षकाने दिले. त्याने दोन छोट्या नळ्या घेतल्या. एकीत रस्त्यावरच्या नळाचे पाणी, दुसरीत शाळेच्या टाकीतले. दोन्हींत ओटीच्या औषधाचे थेंब टाकले. रस्त्यावरचे पाणी पिवळे झाले, म्हणजे त्यात क्लोरीन होते. शाळेचे पाणी जसेच्या तसे राहिले. टाकीचे झाकण एका कडेला तडकलेले होते, वर कावळे बसत, पावसाचे पाणी आत झिरपत होते. ते आत आलेले जंतू मारायला पाण्यात काही शिल्लकच नव्हते. वाड्याच्या दारावरचा राखणदार मीच आपल्या हाताने घरी पाठवला होता, आणि दार मात्र उघडे होते.

मंडळी, आता हा राखणदार कोण, ते नीट समजून घेऊ.

पटकी, विषमज्वर, हगवण हे रोग पाण्यातून येतात. ज्या काळी पटकीचे कारण ठाऊक नव्हते, त्या काळी गावेच्या गावे मरीआईला शरण जात. १८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर हिंडून दाखवून दिले, की एका रस्त्यावरच्या पंपाचे पाणी पिणाऱ्यांतच पटकीचे मृत्यू जास्त आहेत. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी आपल्याच देशात, कलकत्त्याला, रोग्यांच्या पोटात आणि तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला. शत्रू कळला, पण त्याला रोज, स्वस्तात आणि सगळ्या गावासाठी मारायचे कसे? १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटी शहराच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी हीच ब्लीचिंग पावडर नेमाने घालायला सुरुवात केली. पाण्यात रसायन घातले म्हणून त्यांना कोर्टात जाब द्यावा लागला. शेवटी कोर्टाने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि ही रीत जगभर पसरली. तेव्हा पाण्यात औषध नको ही तक्रार काही आपल्याच गावची नाही.

क्लोरीनचे काम दोन टप्प्यांत चालते. पाण्याच्या टाकीत पावडर घातल्यावर साधारण अर्ध्या तासात ते तिथले बहुतेक जंतू मारते. हा पहिला टप्पा. पण थोडे क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवतात, आणि तेच आपल्या नाकाला कळते. ते कशासाठी? आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, आणि जिथे सांधा गळतो तिथून गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी ती पहिली धार आपल्या हंड्यात येते. शिवाय हंड्यात हात बुडतो, पेला बुडतो. या वाटेवरच्या घाणीसाठी तो शिल्लक राखणदार असतो. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असले पाहिजे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत ग्रॅमचा पाचवा हिस्सा. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंतचे क्लोरीन आरोग्याला चालण्यासारखे मानले आहे. काहींच्या जिभेला मात्र त्याहून पुष्कळ कमी असतानाच चव कळते. तेव्हा वास आला म्हणजे विष आले, असे नव्हे.

पण वास नको वाटणे हाही काही गुन्हा नाही. वासामुळे माणसे नळ सोडून उघड्या विहिरीकडे जातात, हे मी पाहिले आहे. म्हणून वास जरूर काढा. फक्त तो शेवटच्या पायरीवर काढा, म्हणजे पिण्याच्या वेळी आणि पिण्यापुरताच. टाकीत नको, पिंपात नको.

आता उपाय सांगतो.

पहिली गोष्ट, फडक्याने गाळून क्लोरीन जात नाही. पाण्यात विरघळलेले मीठ फडक्यात अडकते का? तसेच हे. गाळणे चांगलेच, पण ते कचऱ्यासाठी. पांढऱ्या मातीच्या कॅण्डलचेही तेच. ती गाळ आणि बरेचसे जंतू अडवते, क्लोरीन नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे थोडे थांबणे. रात्री पिण्याच्या माठात पाणी भरावे आणि तोंडावर स्वच्छ पातळ फडके बांधावे. सकाळपर्यंत वास पुष्कळ कमी होतो. क्लोरीन काही उडून जाते, काही माठाच्या अंगाशी खर्ची पडते. उन्हात तर ते फारच लवकर नाहीसे होते. म्हणूनच साठवणीचे पिंप उन्हात उघडे ठेवू नये.

दुसरा उपाय उकळण्याचा. पाणी खळखळून उकळले की जंतू मरतात आणि वासही जातो. तान्ह्या मुलासाठी आणि आजाऱ्यासाठी हाच उत्तम. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून गार करावे.

तिसरा उपाय आपल्या परसातला, तो म्हणजे लिंबू. लिंबातले क जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करते. नळाला नेहमी असते तेवढ्या क्लोरीनसाठी लिटरभर पाण्याला चहाचा एक चमचा ताजा रस पुरतो. पाहुण्याला सरबत दिले तर तो वासाची तक्रार करत नाही, त्याचे एक कारण हेही आहे.

चौथा उपाय कोळशाचा. जुन्या आरोग्याच्या पुस्तकांत वाळू आणि कोळसा घातलेल्या मडक्यांची उतरंड दाखवलेली असे. चुलीतला कोळसा थोडेफार काम करतो, पण खरा उपयोगी तो खास तयार केलेला सक्रिय कोळसा. तो नारळाच्या करवंटीपासूनही करतात. त्याला इतकी बारीक छिद्रे असतात, की त्यांचे सगळे पृष्ठ उलगडून पसरले तर चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमला पाच गुंठ्यांहून अधिक जागा लागेल! त्या पृष्ठावर क्लोरीनचे साध्या क्लोराइडमध्ये रूपांतर होते, आणि वास जातो. मात्र हा कोळसा झिजतो. वेळेवर बदलला नाही तर त्याच्याच अंगावर जंतू घर करतात. म्हणून कोळशाचे यंत्र बसवायचे तर स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळावर, आणि त्याचे पाणी साठवून न ठेवता प्यावे. माझी चूक यंत्र बसवण्यात नव्हती, ते टाकीच्या आधी बसवण्यात होती.

काही ठिकाणी क्लोरीन काढावेच लागते. मूत्रपिंडाच्या रोग्याचे रक्त डायलिसिसच्या यंत्राने शुद्ध करतात, तिथे पाणी आधी कोळशातून नेतात. नाहीतर रक्ताला अपाय होतो. मासे पाळणाऱ्यांनाही ते काढावे लागते.

कोणी विचारील, क्लोरीनमुळे पाण्यात दुसरे घातक पदार्थ तयार होतात ना? होतात. पाण्यात पालापाचोळ्याचा अंश असला की ते थोड्या प्रमाणात तयार होतात. १९७४ पासून शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे. पण त्यांच्यापासूनचा धोका जंतूंच्या धोक्यापुढे फार लहान आहे. त्यावरचा मार्ग म्हणजे पाणी आधी तुरटीने निवळून घेणे. औषध बंद करणे हा मार्ग नव्हे. गढूळ पाण्यात तर बरेचसे क्लोरीन गाळावरच खर्ची पडते आणि जंतू सुटतात.

वास एखाद्या दिवशी खरोखरच उग्र आला, तर जलसुरक्षकाशी भांडू नका. त्याला ओटीची चाचणी करायला सांगा. पावडर कोरडीच टाकीत फेकली तर ती सारखी मिसळत नाही. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत सोडले पाहिजे. पावडर दमट जागी उघडी ठेवली तर तिचा जोरही जातो. हे सगळे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. "औषध कमी टाक रे बाबा" असे मात्र त्याला कधीही म्हणू नका.

शिक्षक बंधु-भगिनींना एक सुचवतो. वर्गात चार पेले मांडा. एकात नळाचे ताजे पाणी, दुसऱ्यात माठात रात्रभर ठेवलेले, तिसऱ्यात लिंबू पिळलेले, चौथ्यात कोळशाच्या गाळणीतले. चारीतले थोडे थोडे पाणी नळ्यांत घेऊन ओटीचे थेंब टाका. थेंब तुम्हीच टाका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि ते पाणी नंतर ओतून द्या. कोणते पिवळे होते, कोणते नाही, हे मुले डोळ्यांनी पाहतील. मग त्यांना विचारा, यांतले कोणते पाणी उद्यापर्यंत ठेवता येईल? उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.

घरी जाऊन एवढेच करा. साठवणीचे पाणी औषधासकट झाकून ठेवा. पिण्याचा माठ वेगळा ठेवा, तो रोज घासा, रोज भरा. त्यात हात बुडवू नका, लांब दांड्याचा ओगराळा ठेवा. वास गेलेले पाणी त्याच दिवशी संपवा.

त्या माउलीला त्या दिवशी मला उत्तर देता आले नव्हते. तेच आज तुम्हा सर्वांना दिले आहे.