झेंडा बदलला, खुर्ची तीच
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



स्वातंत्र्य म्हटले की आपल्याला तुरुंग, सत्याग्रह आणि फाशीचे दोर आठवतात. मध्य अमेरिकेत मात्र वेगळेच घडले. १५ सप्टेंबर १८२१ रोजी ग्वाटेमाला शहरात स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर झाले, तेव्हा सभेच्या अग्रस्थानी होते स्पेनच्याच राजाचे अधिकारी, ब्रिगेडियर गाबिनो गाइंसा! आणि दुसऱ्या दिवशी कारभार पाहणारेही तेच.

हे गृहस्थ १८१४ मध्ये चिलीत राजाच्या फौजेचे सेनापती होते. त्यांनी बंडखोरांशी लिर्कायचा तह केला. पेरूच्या व्हाइसरॉयना तो पसंत पडला नाही. गाइंसांचे सेनापतिपद गेले, खटलाही चालला. पुढे ते ग्वाटेमालात आले आणि मार्च १८२१ मध्ये आजारी कॅप्टन जनरल उरुतिया यांनी कारभार त्यांच्या हाती दिला.

सप्टेंबरात शेजारच्या चियापासने मेक्सिकोची वाट धरल्याची बातमी आली. सभा भरली, बाहेर गर्दी जमली. होसे सेसिलियो देल वाये यांनी लिहिलेल्या जाहीरनाम्याचे पहिलेच कलम बोलके आहे. लोकांनी आपणहून स्वातंत्र्य पुकारले तर भयंकर परिणाम होतील, ते टाळण्यासाठी सरकारनेच ते पुकारावे, असा त्याचा आशय!

त्याच जाहीरनाम्यात एक मोठे वचनही होते. दर १५,००० माणसांमागे एक प्रतिनिधी निवडायचा, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही वगळायचे नाही, आणि देशाचे भवितव्य १ मार्च १८२२ रोजी भरणाऱ्या काँग्रेसने ठरवायचे. पण मेक्सिकोच्या इतुर्बिदेंचा दबाव आला. गाइंसांनी काँग्रेसची वाट न पाहता नगरपालिकांची मते मागवली आणि ५ जानेवारी १८२२ रोजी प्रदेश मेक्सिकोला जोडला. सान साल्वादोरने ते मानले नाही. तेथे रक्त सांडले. जूनमध्ये मेक्सिकोचे सेनानी फिलिसोला आले आणि गाइंसांची खुर्चीही गेली.

१८२३ मध्ये इतुर्बिदेंचे साम्राज्य कोसळले, तेव्हा फिलिसोलांनीच ती राहिलेली काँग्रेस बोलावली. तिने १ जुलै १८२३ रोजी स्पेन, मेक्सिको आणि इतर कोणत्याही सत्तेपासून आपण स्वतंत्र असल्याचे जाहीर केले.

मित्रहो, गाइंसांना केवळ संधिसाधू म्हणून सोडून देणे सोपे आहे. त्यांच्यामुळे राजधानीत सत्तांतर रक्तपाताविना झाले, हेही खरे. पण लोकांना विचारण्याचे वचन त्यांनी बाजूला ठेवले आणि त्याची किंमत सान साल्वादोरने मोजली. कोणत्याही प्रदेशाचे भवितव्य ठरत असताना आपण एवढेच विचारावे : तिथल्या माणसांना कोणी विचारले का?