सभा कुठे भरणार?

(भिलाई येथे मराठी भाषकांच्या आरोग्यविषयक सभेत केलेले भाषण)

इथल्या अनेकांचे वडील-आजोबा विदर्भातून पोलाद कारखान्यात आले. माझे वडील भंडारा जिल्ह्यातून आले. कारखान्याच्या दवाखान्यामुळे आमचं दुखणंखुपणं निभावलं. गावात राहिलेल्या काकूला तो आधार नव्हता. एकदा एका विद्यापीठाची मुलं आरोग्य केंद्र सुधारण्यासाठी पाहणीला आली. सभा पाटलाच्या ओसरीवर भरली. आमच्या वस्तीतल्या बाया अंगणात उभ्या राहिल्या. काकूच्या खोकल्याबद्दल कुणी विचारलं नाही. अहवाल झाला असेल. वस्तीला तो दिसला नाही.

म्हणून विद्यापीठाने आरोग्य केंद्राशी करार केला असं ऐकलं, की मी आधी विचारते: सभा कुठे भरणार?

याचं उत्तर जामखेडने दिलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकले आणि 1970 साली जामखेडला काम उभं केलं. फारसं न शिकलेल्या गावातल्या बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यांत दलित बाया पुष्कळ होत्या. बाळंतपण, जुलाब, बाळाचं वजन हे सगळं त्या शिकल्या. हातपंपासाठी जागा दलित वस्तीत निवडल्या. 1927 साली महाडला आपण पाण्यापर्यंत चालत गेलो. इथे गाव पाण्यासाठी आपल्या वस्तीत आलं. पुढे देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला येऊ लागले आणि या बाया त्यांना शिकवू लागल्या.

आपल्या छत्तीसगडमध्येही 2002 पासून मितानीन पाऱ्यातून निवडली जाते. गावाला एक नव्हे, पाऱ्याला एक. म्हणून सतनामी पाऱ्यात सतनामी बाईच मितानीन होऊ शकते. देशभरातली आशा याच वाटेने पुढे आली.

तेव्हा विद्यापीठांनी जरूर यावं. पण सभा शेवटच्या वस्तीत भरवा. मितानीनला माहिती गोळा करणारी नव्हे, शिकवणारी माना आणि तसं मानधन द्या. अहवाल छापण्याआधी वस्तीत वाचून दाखवा.

काकूचा खोकला क्षयाचा होता. ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवशी ती अंगणातच उभी होती, ओसरीपासून दहा पावलांवर.

जय भीम!