बेगड आणि डिंकाची ओढ



भिलाईत प्रतिकृतिकारांचा मेळावा मराठीतून भरतो आहे आणि त्याचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याचा मनापासून आनंद आहे. माझी सगळी नोकरी इथल्या रोलिंग मिलमध्ये गेली. लालबुंद पोलाद पाहण्यात आयुष्य गेलेला मी माणूस, पण आज बोलणार आहे केसाहूनही पातळ असलेल्या धातूबद्दल. खरं तर त्या धातूच्या खाली जे दडलेलं असतं त्याबद्दल, म्हणजे डिंकाबद्दल.

या पातळ धातूला आपल्याकडे जुना शब्द आहे, बेगड. नागपूरकडून इकडे आलेल्या आपल्या घरांमध्ये तान्हा पोळा आला की लाकडी बैल माळ्यावरून खाली उतरतो, त्याला रंग लागतो आणि शिंगांवर बेगड चढतो. माझ्या हातची पहिली प्रतिकृती म्हणजे तो बैलच. आजी बाभळीचा डिंक रात्री भिजत घाली, सकाळी फडक्यातून गाळी, शिंगाला पातळसा लावी आणि मग नुसती बसून राही. मी बेगड घेऊन उतावीळ. ती म्हणे, "थांब बाबू, ओला हाय अजून. बोटाले ओढ लागू दे, मंग टाक."

ही ओढ म्हणजे काय, ते मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

नोकरीत स्थिरावल्यावर मी मिग-२१ करायला घेतलं. हे विमान १९६३ मध्ये आपल्या हवाई दलात आलं, आपल्या नाशिकजवळ ओझरला बांधलं गेलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. सुरुवातीच्या काळात त्याचं अंग उघड्या धातूचं होतं. रंगाने ती झळाळी येईना, म्हणून स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल घेतलं. इथे एक हिशेब मांडतो. खऱ्या विमानाचा पत्रा एक मिलिमीटर धरला, तर १:७२ प्रमाणात तो होतो सुमारे १४ मायक्रॉन. घरातलं फॉइल साधारण १० ते १८ मायक्रॉनचं असतं. म्हणजे पोळी गुंडाळायचा कागद नेमका प्रमाणात बसतो! पण त्याखाली डिंकाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जरी झाला, तरी खऱ्या विमानाला सात मिलिमीटरचा लेप चढवल्यासारखं होतं. रिव्हेटच्या खुणा, पत्र्यांचे सांधे, सगळं त्यात बुडतं. म्हणून माझ्या मते डिंकाचा पहिला गुण चिकटपणा नाही, पातळपणा आहे.

त्या मिगला मी सुतारकामाचा पांढरा गोंद लावला आणि ओल्यावरच फॉइल दाबलं. महिन्याभराने कडा कापताना पंखावरचं फॉइल बोटाखाली सरकलं. उचलून पाहतो तर आत गोंद दुधासारखा ओलाच. दोष गोंदाचा नव्हता, माझा होता. पांढरा गोंद वाळतो तो त्यातलं पाणी निघून गेल्यावर. लाकूड ते पाणी पितं, म्हणून सुताराच्या हातात तो इतका भरवशाचा. आपली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली त्याच १९५९ साली फेविकॉलही बाजारात आलं, आणि तेव्हापासून देशातलं फर्निचर अशाच गोंदावर उभं आहे. पण इथे खाली प्लास्टिक, वर धातू. दोन्ही पाणी पीत नाहीत. मग पाण्याने जायचं कुठे?

आजीची ओढ ती हीच. पाणी आधी उडू द्यायचं, चिकटपणा उरू द्यायचा, मगच धातू ठेवायचा.

एवढं लक्षात आलं की दुकानातल्या बाटल्यांची निवड सोपी होते. झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट फॉइलसाठी नकोच. तो सरकवायला वेळ देत नाही, खडे धरतो आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट धुरकटपणा येतो. रबराचा सोल्युशनवाला गोंद तारा काढतो. शिवाय तो प्लास्टिक विरघळवतो. गणपतीच्या मखरात अशा गोंदाने ज्यांनी थर्माकोल वितळताना पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. आपल्या किटचं प्लास्टिक म्हणजे त्या थर्माकोलचंच घट्ट भावंड, दोन्ही पॉलिस्टायरीन. ॲराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद पाण्यावाचून घट्ट होतो हे खरं, पण त्याचा पातळ, एकसारखा थर देणं कठीण. पितळी किंवा तांब्याचा वर्ख असेल तर अमोनियाचा वास येणारा लॅटेक्स टाळा, धातूवर डाग पडतात.

मी स्वतः वळलो ते वर्ख चढवणाऱ्या कारागिरांच्या 'साइज' नावाच्या डिंकाकडे. जुनी साइज जवसाच्या तेलाची. ती तासन्‌तास वाट पाहायला लावते, पण थर आरशासारखा देते. नवी, पाण्यात मिसळणारी ॲक्रिलिक साइज लावताना दुधी दिसते आणि पारदर्शक झाली की समजायचं, तयार आहे. पुढे बराच वेळ ती ओढ टिकवून धरते. रुंद मऊ ब्रशने एकच हात फिरवा. दुसरा हात फिरवलात की ब्रशच्या रेघा फॉइलमधून वर दिसतात, आणि चकचकीत धातू काहीही लपवत नाही. धुळीचा कण राहिला तर तो पुरळासारखा उठतो. आपल्या गावात हे विशेष सांभाळावं लागतं.

हवामानही बघा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा पंख्याखाली साइज बघता बघता वाळून मरते. पहाटे काम करा. श्रावणात उलट, दुधी रंग जाता जात नाही. अशा वेळी घड्याळाकडे पाहू नका. बोटाचं मागचं पेर हलकेच टेकवा. पेर ओढलं गेलं पण ओलं झालं नाही, तर फॉइल ठेवा आणि कापसाच्या काडीने मधून कडेकडे घासत न्या.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. फॉइलची एक बाजू चकचकीत आणि एक मंद का असते? शेवटच्या फेरीत दोन पत्रे एकावर एक ठेवून रोलमधून काढतात. रोलला लागलेली बाजू चमकते, एकमेकांना लागलेल्या बाजू मंद राहतात. मिगच्या अंगावर सगळे पत्रे सारखे चमकत नसत, म्हणून काही तुकडे उलटे लावा. आणि लावण्याआधी स्पिरिटने पुसा, बारीकसं तेल असलं तरी साइज धरत नाही.

आजीचा बैल मी सोबत आणला आहे. डाव्या शिंगावरचा बेगड तिने लावलेला आहे, काळवंडलाय, पण कडेलाही सुटलेला नाही. उजवं शिंग माझं होतं. त्यावरचा बेगड पहिल्याच वर्षी निघाला, आणि तेव्हापासून ते शिंग मी तसंच उघडं ठेवलं होतं. सकाळी इथे आल्याबरोबर त्याला साइज लावून ठेवली आहे. आता ती पारदर्शक झाली असेल. चला, मागच्या टेबलापाशी या.