जलद गाडी आणि आपला फाटा

(केळापूर तालुक्यातल्या ग्रामसभांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलले तसंच लिहून काढलं आहे, थोडं दुरुस्त करून.)



मागच्या बैठकीत एका आबाजींनी विचारलं होतं, "पोरी, हे बुलेट ट्रेन काय हाय? आपल्याले काय करायचं त्याच्याशी?" तेव्हा अंधार पडत आला होता, बायांना परत जायचं होतं, म्हणून राहिलं. आज त्याच्यावरच बोलते. मी बारावी झालेली, रेल्वेची इंजिनियर नाही. पण हिशोब आपल्यालाही येतो. कापूस मोजून देताना करतोच की आपण.

तर ही गाडी मुंबई ते अहमदाबाद, ५०८ किलोमीटर. १४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादला भूमिपूजन झालं. आपले पंतप्रधान होते आणि जपानचे पंतप्रधान शिंझो आबे होते. वेग ताशी ३२० किलोमीटर. सगळी मिळून १२ स्टेशनं, त्यातली महाराष्ट्रात ४: मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर. खर्चाचा अंदाज होता १ लाख ८ हजार कोटी. म्हणजे एका किलोमीटरला २१२ कोटीच्या आसपास. त्यात महाराष्ट्र सरकारचा वाटा ५ हजार कोटी. आता सरकारची तिजोरी काही मुंबईची वेगळी आणि आपली वेगळी नाही. तुम्ही साबणाची वडी घेता, चप्पल घेता, त्यावरचा कर तिथंच जातो.

बाकीचा बराच पैसा जपानचं कर्ज. व्याज शेकडा दहा पैसे, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षं मुद्दल मागणार नाहीत. ऐकायला फार गोड आहे. आपला कृषी केंद्रवाला पण असाच गोड बोलतो. बियाणं उधारीवर ने म्हणतो, व्याज नको म्हणतो, पण बियाणं त्याच्याच दुकानातलं पाहिजे. इथंही गाडी आणि तंत्र जपानचं घ्यायचं असं ठरलं, आणि फेड जपानच्या पैशात, येनमध्ये. रुपया पडला की फेड वाढली.

आता मुख्य गोष्ट. आपण फाट्यावर उभे राहतो तेव्हा जलद गाडी थांबते का? नाही थांबत. ड्रायव्हरचा त्यात दोष नाही. प्रत्येक फाट्यावर थांबली तर ती जलद राहणारच नाही. आपल्यासाठी साधी गाडी असते. बुलेट ट्रेनचं तेच, फक्त शंभर पटीनं. तिला जोर धरायलाच लांब अंतर लागतं. म्हणून मधल्या मुलखात ती थांबू शकत नाही, कोणी वाईट आहे म्हणून नाही, ती बनवलीच तशी आहे. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरीच्या आपल्या वारली भावांच्या गावातून ती जाते. तलासरीला स्टेशन नाही. मुंबई ते अहमदाबाद तिकीट ३ हजाराच्या घरात राहील असं अधिकारी बोलले होते. रोहयोची मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होती. दहा दिवस खड्डे खणा आणि एकदा बसा.

तिथले लोक रोज कामाला बोईसर, विरार, मुंबईकडे जातात. डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ मध्ये. त्यांना पाहिजे होत्या जास्त लोकल. विरार-डहाणू आणखी दोन रूळ टाकायच्या कामाचा अंदाज साडेतीन हजार कोटीच्या आसपास होता. बुलेटच्या सतरा किलोमीटरचा खर्च झाला तो.

कोणी म्हणेल, ही पोरगी विकासाच्या आड येते. शहराला वेग आला की आजूबाजूलाही धंदा येतो, असं सांगतात. थोडं खरं आहे. स्टेशनाभोवती हॉटेलं होतात, जमिनीचे भाव चढतात. पण भाव चढतो तेव्हा जमीन कोणाच्या नावावर असते? आणि सगळीकडे तेवढंही होत नाही. फ्रान्स देशात पॅरिसहून निघणाऱ्या जलद रेल्वेवर दोन शहरांच्या मधे, उघड्या रानात एक स्टेशन बांधलं. दोन्ही शहरं दूर, तिथल्या जुन्या साध्या रेल्वेशी जोडच नाही. लोक त्याला बीटच्या शेतातलं स्टेशन म्हणतात, साखरेचं बीट.

मी रेल्वेच्या विरोधात नाही, हे लिहून घ्या. आपल्या जिल्ह्याला रेल्वे नवीन नाही. शकुंतला इंग्रजांच्या काळात आली, किलिक निक्सन कंपनीची. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. आली ती आपल्यासाठी नव्हे, कापूस मुंबईच्या बंदरावर न्यायला. पण हळू होती आणि जागोजागी थांबायची, म्हणून कापसाच्या गाडीत गरीबही बसला. आता ती बंद पडलेली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८ च्या सुमारास मंजूर झाला. त्यातला वर्धा ते कळंब तुकडा सुरू झाला २८ फेब्रुवारी २०२४ ला. सोळा वर्षांत कळंब! तिकडे वणी, कायर, पिंपळखुटीवरून रूळ आहेतच, त्यावरून कोळसा जातो. त्याच रुळावर साधी गाडी दिवसातून चार वेळा थांबली तर आदिलाबादला दवाखान्यात जाणाऱ्या बाईचा दिवस वाचेल. ह्याला लाख कोटी लागत नाहीत.

आता आबाजींचा दुसरा प्रश्न, आपल्याले काय करायचं. मुंबई-नागपूर बुलेट ट्रेनचाही अभ्यास रेल्वेनं करवून घेतला आहे. ती येईल न येईल. पवनार ते गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आराखड्यात मात्र यवतमाळ आहे. म्हणजे मोजणीवाले कधीतरी कोणाच्या तरी बांधावर येणार. ते आले की पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. सातबारा असला तर मोबदल्याचं बोलणं सुरू होतं. वनजमीन कसणाऱ्याचा दावा पडून असला तर त्यांच्या कागदावर तो अतिक्रमणवाला. पालघरमध्ये कितीतरी ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, तरी जानेवारी २०२४ मध्ये सगळी जमीन ताब्यात आल्याचं कंपनीनं जाहीर केलं. ठराव वाया गेले असं मी म्हणत नाही. नुसत्या ठरावावर बसून चालत नाही, एवढं म्हणते.

कायदा काय सांगतो? वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला काढता येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ४१ म्हणतं, अनुसूचित क्षेत्रात जमीन घ्यायची तर ग्रामसभेची आधी संमती पाहिजे. आपल्या केळापूर तालुक्यातली बरीच गावं त्या क्षेत्रात आहेत. पण दावा केला होता हे दाखवायचं कशानं? माझ्या बापानं दावा दिला तेव्हा मी शाळेत होते. कागद घेतला, पोच दिली नाही, आणि बापानं मागितली नाही. आता विचारलं तर म्हणतात, असा दावा आमच्याकडे नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकानं दाव्याची प्रत आणि पोच घेऊन या. व्यक्तिगत दावा नमुना अ, गावाच्या सामूहिक हक्काचा ब, सामूहिक वनाचा क. ज्या पोडाचा क अजून झालाच नाही त्यांनी नकाशासाठी दोन म्हातारी माणसं सोबत आणा, ज्यांना जुन्या हद्दी माहीत आहेत. ज्यांच्याकडे पोच नाही त्यांनीही या, लाजू नका. आमच्या घरीही नाही. आपण सगळे मिळून एकाच दिवशी नवीन अर्ज देऊ, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत तिथून उठायचं नाही. भाकरी बांधून आणा.