आलं तेच लिही



माझी सगळी नोकरी एका कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत गेली. त्या कामातलं एकच सांगतो.

१९६८ साली अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर भक्कम चिकटणारा गोंद शोधत होते. हाती आला तो जेमतेम चिकटणारा, सहज निघणारा. त्यांनी तो लपवला नाही. वर्षानुवर्षं सहकाऱ्यांना दाखवत राहिले. १९७४ मध्ये आर्ट फ्राय यांच्या चर्चच्या गाण्यांच्या पुस्तकातून खुणेचे कागद निसटत होते, तेव्हा त्यांना तोच गोंद आठवला. कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेला द्यायची तिथे मुभा होती. १९८० मध्ये पोस्ट-इटच्या पिवळ्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या.

आमच्याकडे फसलेलं साहेबांना सांगायची सोय नव्हती. मीही एक निकाल दडवला. सहा महिन्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तोच प्रयोग केला. तसाच फसला. "सर, तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं. मी मान खाली घातली.

पुढे विभाग माझ्याकडे आला, तेव्हा दर शनिवारी चहाला 'या आठवड्यात काय फसलं' हे सांगायची पद्धत पाडली. पहिला नंबर माझा. हळूहळू बाकीचेही बोलू लागले.

खरं तर हे शाळेतच शिकवलं होतं. उत्तर जुळलं नाही की आम्ही खोडरबर शोधायचो. सर म्हणायचे, "खोडू नकोस. आलं तेच लिही."

सर, ते कळायला मला पंचवीस वर्षं लागली.