साथ: रॉक संगीत आणि समलिंगींचा सन्मान

रॉक, म्हणजे विजेवरची गिटार आणि ड्रम यांच्या बळावर उभे राहिलेले पाश्चात्त्य समूहसंगीत, आणि वरवट बकाल गावच्या देवळातले भजन यांत गोंगाटाखेरीज काहीच समान वाटत नाही (हशा, भजनी मंडळींनी राग मानू नये), तथापि 'साथ' हा शब्द दोहोंना लागू पडतो आणि समलिंगींना, म्हणजे आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे ओढ असणाऱ्यांना, रॉक कलावंतांनी दिलेला पाठिंबा याच शब्दाने उलगडतो, असे येथील प्रतिपादन आहे.

झांझिबारमधील पारशी कुटुंबात 1946 साली जन्मलेला फारोख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथल्या 'द हेक्टिक्स' या विद्यार्थी वाद्यवृंदात पियानो वाजवू लागला. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला. तो ज्याचा मुख्य गायक होता त्या 'क्वीन' या रॉक वाद्यवृंदाची कीर्ती श्रोत्यांस ठाऊकच आहे, असे गृहीत धरणे सोयीचे आहे (हशा). 24 नोव्हेंबर 1991 रोजी एड्सजन्य आजाराने तो वारला, तेव्हा या रोगाचा कलंक समलिंगींच्या माथी मारला जात होता.

येथे साथीचा अर्थ पाहणे आवश्यक ठरते. भजनात मुख्य गायक चरण म्हणतो आणि टाळकरी ध्रुपद उचलतात. गायकाचा दम तुटला तर ओळ खाली पडू न देणे हे त्यांचे काम असते, आणि त्यासाठी गायकाची जात किंवा घरची भांडणे विचारायची नसतात, निदान टाळ हातात असेपर्यंत तरी. मृदंगाची साथ, पेटीची साथ आणि संकटातली साथ यांना मराठीने एकच शब्द दिला, हा योगायोग नव्हे. (वेळ संपत आल्याची अध्यक्षांची पहिली चिठ्ठी.)

20 एप्रिल 1992 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर मर्क्युरीच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत नेमके हेच घडले: गायक नव्हता, ओळी इतरांनी उचलल्या. 1988 च्या एका गाण्यात समलिंगींना शिवी देणाऱ्या रॉक गायक अ‍ॅक्सल रोझच्या सहभागावर आक्षेप होते; तरीही 'क्वीन'च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा पूर्वार्ध गायक एल्टन जॉन यांनी गायला, मधला भाग मूळ ध्वनिमुद्रणातून उमटला, उत्तरार्धाला रोझ आला आणि शेवट दोघांनी मिळून केला. एका गाण्याने शिवी धुऊन निघत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु साथीला बसणारा निष्कलंकच हवा, अशी अट घातली तर कोणतेही भजन सुरू होणार नाही. शिवाय या मैफलीतून उभ्या राहिलेल्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टने एड्सविरोधी कार्याला पैसा पुरवला.

मात्र साथ म्हणजे मूळ गाणे नव्हे. रॉक गायक टॉम रॉबिन्सन यांनी 1978 मध्येच समलिंगी असल्याचा अभिमान उघडपणे गायला होता. भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 विरुद्धच्या खटल्याला भरतनाट्यम् नर्तक नवतेजसिंग जोहर यांचे नाव लागले आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. पहिली ओळ रॉबिन्सन आणि जोहर यांची होती. टाळकऱ्यांनी तिचे श्रेय घेऊ नये. या निकालाचा तपशील सोडावा लागत आहे, कारण दुसरी चिठ्ठी आली आहे आणि याच सभागृहात आठ वाजता भजनाची तालीम आहे. (हशा, टाळ्या.)