इतिहासाच्या पुस्तकातले खलाशी

मी मॅट्रिक पास. पुढं गोदी. जहाजावरचा माल उतरवता उतरवता एवढं कळलं की जहाज आपोआप चालत नाही. पण इतिहासाच्या पुस्तकात ते चालतं.

मास्तरांनी शिकवलं, 1498 साली वास्को-द-गामानं भारताचा समुद्रमार्ग शोधला. शोधला म्हणे! आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतला येताना वाट दाखवायला या पाण्याचा जाणकार वाटाड्या बोटीवर होता. तो परीक्षेत येत नाही. पोर्तुगालहून सुमारे 170 माणसं निघाली, निम्मीसुद्धा परतली नाहीत. हिरड्या सडून मेली. तीही येत नाहीत. 1502 साली हाच गामा पुन्हा आला आणि मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्यानं बायापोरांसकट जाळलं. नकाशावर काय, तर एक तुटक रेघ आणि बाण.

मग आपली पानं येतात. राजेंद्र चोळाची 1025 ची मोहीम, शिवाजी महाराजांचं आरमार. वाचून छाती फुगते, माझीही फुगते. पण ज्यांच्या शास्त्रानं समुद्र ओलांडणं पाप ठरवलं, त्यांना विचारा : गलबतं हाकली कुणी? कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी, दौलतखानासारख्या मुसलमानांनी. राजाचं नाव सोन्यात, वल्हं मारणारा 'इत्यादी'त.

आता इथलं बोलतो. पावसाळा सरला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची वारली पोरं गुजरातेत जातात. पोरबंदर, ओखा, वेरावळ. मालकाची उचल आधीच घेतलेली. समुद्रात कुणी कुंपण घातलेलं नाही. पाकिस्तानची गस्तबोट आली की बोट जप्त, खलाशी कराचीच्या तुरुंगात. शिक्षा संपली तरी कित्येकांना सोडत नाहीत. इकडं पाड्यावर बाई वाट बघते, आणि तिचं पोरगं शाळेत गामाचं साल पाठ करतंय.

लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारा तो लग्नगडी. ती वेठबिगारी याच तलासरीतल्या झरी गावी, 1945 च्या मे महिन्यात, गोदावरी परुळेकरांबरोबर जमलेल्या हजारो वारल्यांनी झुगारली. हे तरी किती पुस्तकांत आहे? आणि उचलीचा हिशेब अजून बाकीच आहे.

मुंबईहून आलेल्या पोरांनो, घोषणा देऊन झाल्या असतील तर वह्या काढा. पाड्यापाड्यावर जा. कोण गेला, कुठल्या बंदरातनं, बोटीचं नाव काय, उचल किती, कधी पकडला, घरी कोण आहे, सगळं लिहून आणा. घरच्यांना विचारून, ते हो म्हणाले तरच पुढच्या अंकात छापू. पानं कमी पडली तर माझी कविता काढून टाका.